पाचव्या खंडाचं शेवटचं पान

दादा गेल्यावर त्याच्या कपाटातली मी एकच गोष्ट मागितली होती, ती म्हणजे अण्णांनी बांधलेले सात खंड. वहिनी लगेच हो म्हणाली. तिची मुलगी मात्र कपाटाच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"आत्या, सहा ने. पाचवा माझा."

मला पाचवाच हवा होता. बाकीचे सहा मी त्याच्या सोबतीला मागितले होते.

त्या दिवशी दोघींनीही विषय वाढवला नाही. घरात माणसं होती, तेरावा नुकताच झाला होता. खंड कपाटातच राहिले, आणि मी कामोठ्याहून खारघरला माझ्या घरी रिकाम्या हाताने परत आले. पुढे दहा महिने त्यावर कुणी बोललं नाही.

या खंडांत काय आहे ते आधी सांगते. आमचे वडील, अण्णा, मुंबईतल्या एका सरकारी कचेरीत रेकॉर्ड विभागात होते. फाटकी रजिस्टरं पुन्हा बांधून घेणं हे त्यांच्या कामापैकी एक. बांधणाऱ्या कारागिराशेजारी बसून बसून ते स्वतःच बांधणी शिकले आणि मग घरातलं काही सुटं म्हणून त्यांना बघवेना. शाळेची पुस्तकं, पंचांगं, आईने कापून ठेवलेल्या पाककृती, सगळं शिवून, पुठ्ठ्यात घालून, पाठीला कापडाची पट्टी लावून उभं राहिलं. वाशी तेव्हा नवी होती. आमचं बैठं घर, पुढे दोन हातांचं अंगण, आणि अंगणात कायम काही ना काही वजनाखाली दाबून ठेवलेलं. वजन म्हणजे आमचा पाटा.

एकदा रद्दीवाल्याकडे मुलांच्या चित्रकथांचे जुने अंक आले. बेचाळीस. अण्णांनी गठ्ठाच्या गठ्ठा उचलून आणला. मी पाच वर्षांची होते, दादा अकरा. आम्ही झडप घातली तर अण्णांनी गठ्ठा माळ्यावर टाकला, कारण आमच्या घरात बांधल्याशिवाय काही वाचायला मिळत नसे. सुटं वाचलं की फाटतं, असा नियम. मग तीन रविवार खपून त्यांनी सहा-सहा अंकांचा एक असे सात खंड बांधले, जाड, चौकोनी, कचेरीतल्या आवक-जावक रजिस्टरासारखे. पाठीवर शाईने एक ते सात आकडे.

आणि इथे अण्णांचं चुकलं. रजिस्टर बांधताना पहिलं आणि शेवटचं पान पुठ्ठ्याला चिकटवतात. ती पानं कोरीच असतात, त्यांनी पुठ्ठा धरून ठेवायचा. अण्णांनी चित्रकथांनाही तेच केलं. पण या अंकांची रीत अशी होती की आतली पानं काळ्या आणि लाल अशा दोनच रंगांत, आणि गोष्टीचा शेवट मात्र मागच्या कव्हरावर, बाहेरच्या बाजूला, चार रंगांत. मुलांनी अंक दुकानात उलटा करून शेवट बघू नये म्हणून कव्हरावर एक कागदी पट्टीही लावलेली असायची. अण्णांनी प्रत्येक खंडातल्या सहाव्या अंकाचं ते रंगीत कव्हर खळीने माखून पुठ्ठ्याला चिकटवून टाकलं, आणि वरून पाटा ठेवला. बेचाळीस गोष्टींपैकी सात गोष्टींचे शेवट असे भिंतीत चिणले गेले.

हे पहिल्यांदा दादाच्या लक्षात आलं. तो पहिला खंड घेऊन अण्णांकडे गेला आणि शेवट नाही म्हणाला. अण्णांनी पुठ्ठा उघडमीट करून बघितला, बिजागरीवर बोट फिरवलं, आणि म्हणाले, "मजबूत झालंय. शेवट काय, चांगलाच असणार."

रजिस्टरला शेवट नसतो, ते नुसतं संपतं. अण्णांचं आयुष्य रजिस्टरांत गेलेलं.

मी रडायला लागले. मला अजून वाचता येत नव्हतं, दादाच वाचून दाखवायचा, आणि ऐन मोक्यावर तो थांबला होता. तेव्हा दादा मला अंगणात घेऊन गेला आणि हळूच म्हणाला की त्याने सगळे शेवट आधीच वाचून ठेवलेत. दुपारी अण्णा झोपले की तो माळ्यावर चढायचा, असं. मी विश्वास ठेवला. पुढे कित्येक वर्षं ठेवला.

त्या चित्रकथांचा नायक नववीतला एक मुलगा होता. हडकुळा, चष्मा लावणारा. अंकात त्याला भलंमोठं नाव होतं, पण आमच्या घरात तो "उपाशी" झाला. एक दिवस तो शाळेत डबा विसरतो, भुकेने कळवळून प्रयोगशाळेतल्या बाटलीतलं काहीतरी पितो, आणि त्याच्या अंगात हत्तीचं बळ येतं. उडता येतं, भिंतीपलीकडचं दिसतं. फक्त अट एक, पोट रिकामं हवं. घास पोटात गेला की तो पुन्हा साधा मुलगा, आणि बहुतेक वेळा तेव्हा तो जमिनीपासून बराच वर असतो.

आता अशा मुलाचं आपल्याकडे काय होणार? त्याची आई डबा घेऊन गल्लीभर त्याच्या मागे. ज्यांना त्याने वाचवलं ते कृतज्ञतेने लाडू आणणार. शेजारीण "वाळलास रे" म्हणत हातावर चिक्की ठेवणार. आणि नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नाही, चांगल्या घरातला मुलगा. काही अंकांनंतर चोरांनाही कळतं, आणि ते पिस्तुलं सोडून फराळाचे डबे घेऊन दरोडे घालायला निघतात.

त्याचा पोशाख शिवायला टाकलेला असतो आणि शिंपी तो वेळेवर देत नाही. पहिले चार अंक तो शाळेच्या हाफ पँटवर आईच्या खिडकीचा पडदा बांधून उडतो. पडद्याला कड्या तशाच. उडताना त्या खुळखुळतात, म्हणून चोरांना तो येण्याआधीच कळतं.

सात अर्धवट गोष्टींपैकी पहिल्या खंडातली ही. बँक लुटून जीपमधून पळणाऱ्या चोरांना उपाशी गाठतो आणि जीप एका हाताने डोक्यावर उचलतो. तेवढ्यात एका चोराची बायको नवऱ्याचं जेवण घेऊन येते, झुणका-भाकर आणि कांदा. शेवटच्या दिसणाऱ्या चित्रात उपाशीच्या एका हातात जीप आणि दुसऱ्या हातात भाकरी. पुढे पुठ्ठा. दादाने मला सांगितलं की उपाशीने अर्धीच भाकरी खाल्ली, म्हणून त्याचं बळही अर्धंच गेलं आणि जीप अर्ध्यावरच लटकत राहिली. वरही जाईना, खालीही येईना. पोलिसांना शिडी आणावी लागली, आणि शिडी येईपर्यंत चोरांनी वर बसून उरलेला झुणका संपवला.

दुसऱ्यात सर्कशीतून सुटलेला हत्ती. उपाशी त्याला अडवायला जातो, तर शिकवलेला हत्ती सोंडेने त्याला केळं देतो. दादाच्या शेवटात हत्ती केळ्याच्याच सालीवरून घसरतो तो थेट आपल्या तंबूत, आणि लोकांना वाटतं हा नवा खेळ आहे.

तिसरी मला फार आवडायची. आषाढी एकादशीचा दिवस, सगळं गाव उपाशी, आणि आपला नायक सगळ्यांहून जास्त. खाडीत बुडणारी होडी उचलून तो उडत असतो. आई खालून दुसऱ्या होडीतून ओरडते की उपासाचं तरी खाऊन घे, आणि काठीच्या टोकाला डबा बांधून वर करते. साबुदाण्याची खिचडी. शेवटच्या चित्रात त्याच्या डोक्यावरच्या ढगात एकच प्रश्न, उपासाचं खाल्लेलं मोजायचं की नाही? दादाने निकाल दिला होता. उपाशी एक घास खातो, काही होत नाही. दुसरा खातो, काही होत नाही. तिसऱ्याला धपकन खाडीत पडतो, आणि पाण्यातून डोकं वर काढून म्हणतो, दाण्याचं कूट जास्त झालं वाटतं.

आई खरोखरच एकादशीला खिचडी करायची तेव्हा दादा आणि मी ताटावर एकमेकांकडे बघायचो आणि तिसऱ्या घासाला दोघंही पाटावरून कोसळायचो.

दादाच्या शेवटच्या आजारात त्याला दोन दिवस तोंडाने काही द्यायचं नव्हतं. पलंगाच्या दांडीला तशी पाटी लावलेली. मी शेजारी बसले होते. त्याने डोळे उघडून पाटीकडे बघितलं आणि म्हणाला, "दोन दिवस उपाशी आहे. बोल, कुठली बिल्डिंग उचलू?"

मी म्हटलं, सगळ्यांत माणसं राहतात, राहू दे. तो म्हणाला, मग खारघरची टेकडी. मी म्हटलं, तिथे लोक सकाळी फिरायला जातात. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, या शहरात रिकामं असं काही ठेवलंच नाही. नर्स आत आली तेव्हा आम्ही दोघं हसत होतो आणि तिला ते आवडलं नाही.

हे मला पुन्हा पुन्हा आठवतं, आणि आठवलं की मी आधी हसतेच.

तर दहा महिन्यांनंतरची गोष्ट. भाचीचं लग्न दादा असतानाच ठरलं होतं, खारघरमधला हॉलही त्यानेच पाहून ठेवला होता. वर्षाच्या आत उरकायचं नाहीतर लांबवायचं, असं नातेवाइकांत ठरत होतं. वहिनी म्हणाली, त्यांनी हॉल बघितलाय, तिथेच आणि याच वर्षी. एका शनिवारी दुपारी मी पत्रिकांवर नावं घालायला कामोठ्याला गेले. माझं अक्षर बरं आहे, तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात कार्डं लिहिली. जेवणाच्या टेबलावर पत्रिकांचे गठ्ठे, वहिनीच्या हातात यादी, आणि भाचीने मधेच उठून कपाटातून पाचवा खंड आणला आणि माझ्यासमोर ठेवला. हा ती सासरी नेणार होती. मला सांगून न्यावा असं तिला वाटलं.

"यातच तर मुलीच्या बाबांची गोष्ट आहे," ती म्हणाली.

मी पेन खाली ठेवलं. पाचव्यात कुठले बाबा? पाचव्यात तर बहीण आहे.

पाचव्या खंडाची शेवटची गोष्ट लग्नाची. गावातला बिलंदर सावकार उपाशीला आपल्या घरच्या लग्नाचं आमंत्रण देतो, कारण त्याला ठाऊक असतं की पंगतीत आग्रहापुढे कुणाचं काही चालत नाही. उपाशी पानावर बसतो. सावकाराची माणसं रांगेने वाढायला येतात. एक जिलबी माझी, एक माझ्या नावाची, एक होणाऱ्या सुनेची. अकरा जिलब्या होतात. तेवढ्यात मांडवावरची पाण्याची टाकी करकरते. आधीच खांब कापून ठेवलेला असतो, सगळी पंगत खाली, आणि उपाशी ताटाकडे बघतो, टाकीकडे बघतो आणि म्हणतो, "आता?"

पुढे पुठ्ठा.

दादाने मला सांगितलं होतं ते असं. त्या काळी मुलींची पंगत नंतर बसायची. उपाशीची धाकटी बहीण दाराआड भुकेली उभी होती. बाटलीतलं औषध तिनेही एकदा चाखलं होतं, भावाने लपवून ठेवलेलं. ती धावत आली आणि एका हाताने टाकी धरली. दुसऱ्या हाताने भावाच्या पानातली बारावी जिलबी उचलली, पण खाल्ली नाही, टाकी खाली ठेवेपर्यंत नुसती धरून उभी राहिली. मी पाच वर्षांची होते, दाराआड उभी राहणारी. मी ही गोष्ट कधी कुणाला सांगितली नव्हती. ती माझी होती.

भाचीला सांगितलेलं वेगळं होतं. तिच्या गोष्टीत बहीणच नाही. टाकी करकरते, सगळे ओरडतात, आणि मांडवातून नवरीचा बाप येतो. कन्यादान होईपर्यंत मुलीचे आईवडील उपाशी असतात ना, तर सकाळपासून त्याच्या पोटात पाण्याखेरीज काही नाही. औषधाचा प्रश्नच येत नाही. तो नुसता उपाशी असतो आणि त्याची मुलगी खाली बसलेली असते. तो टाकी धरतो आणि भटजींना म्हणतो, तुमचं चालू द्या.

ती तिसरीत होती तेव्हा तिला त्याने हे सांगितलं होतं.

मीही तिला माझा शेवट सांगितला, आयुष्यात पहिल्यांदाच. मग ती म्हणाली, "मी रडत नाहीये, टेन्शन नको घेऊ. पण दोघींपैकी एकीला बाबांनी थापच मारली ना."

तिला काय झालंय ते मला कळलं, कारण मलाही तेच झालं होतं. जिवंत माणसाने थाप मारली तर आपण त्याला धरू शकतो. गेलेल्याने मारलेली थाप शोधायला लागलं की मग आणखी काय काय निघेल असं वाटतं. ती दुसऱ्या घरी जायला निघाली होती, आणि बापाने दिलेली एक गोष्ट तिला खरी म्हणून सोबत हवी होती. मलाही माझी खरी हवी होती. पण पान एकच होतं.

"तुला चिकटलेली पानं सोडवता येतात," ती म्हणाली. "तू सोडवलीस एकदा, कॉलेजमधली, पावसात भिजलेली."

येतात. पिठाची खळ असेल तर ती पाण्याने सैल होते. ओलसर टीपकागद वर ठेवायचा, त्यावर प्लास्टिक, अर्धा तास थांबायचं, आणि बोथट सुरीने कोपऱ्यातून हळूच आत जायचं. घाई केली की छापाचा पापुद्रा पुठ्ठ्याकडेच राहतो. मी म्हटलं, पाचव्यावर सराव करणार नाही, आधी पहिला आण.

पुढच्या रविवारी मी टीपकागद घेऊन गेले. पत्रिका एका बाजूला सरकवल्या. वहिनी मला थट्टेने वन्सं म्हणते, ती म्हणाली, "वन्सं, लग्न पंधरा दिवसांवर आलंय आणि तुम्ही दोघी पोटीस लावताय." पण खुर्ची ओढून बसलीही.

पहिल्या खंडाचं पान सुटलं तेव्हा आंबूस वास आला, आणि मला एकदम अण्णांचे हात आठवले. खळीला कसर लागू नये म्हणून ते तिच्यात मोरचूद घालायचे, त्याची निळसर झाक पुठ्ठ्यावर अजून होती. पान उलटलं. रंग इतके ताजे की भाचीने मागे होऊन बघितलं. पंचेचाळीस वर्षं उजेड न लागलेला लाल. जीप, भाकरी, आणि पुढच्या चौकटीत उपाशी आपल्या पलंगावर उठून बसलेला. सगळं स्वप्न होतं.

"बस?" भाची म्हणाली. "एवढंच?"

दुसऱ्याचं पान तर अर्धंच होतं. हत्ती माहुतामागून चालला आहे, उपाशी हात जोडून प्राणिमात्रांवर दया करा म्हणतो आहे, आणि खाली अर्ध्या पानात दंतमंजनाची जाहिरात, मोठ्या दातांचा माणूस. आम्ही तिघी त्या माणसाकडे बघत राहिलो. वहिनी म्हणाली, याचे दात हत्तीपेक्षा चांगले काढलेत.

मला हलकं वाटायला लागलं. दादाने सगळं स्वतःच रचलं होतं, आणि छापलेल्यापेक्षा कितीतरी चांगलं. मग तिसऱ्याचं पान उलटलं. होडी, खिचडी, एक घास, दोन घास, तिसरा, आणि पाण्यातून वर आलेलं चष्मा लावलेलं डोकं. ढगात लिहिलं होतं, "दाण्याचं कूट जास्त झालं वाटतं."

शब्द न् शब्द तोच.

म्हणजे तो माळ्यावर चढत होता. निदान एकदा तरी चढला होता. आणि मग पाचव्याचंही त्याने वाचलं असू शकतं, आणि तसं असेल तर पाचव्याचा खरा शेवट त्याने कुणाला तरी सांगितला होता. भाची माझ्याकडे बघत होती. चौथ्याला कसर लागली होती, त्याला हात लावण्यात अर्थ नव्हता. तिने पाचवा पुढे सरकवला.

टीपकागद ठेवण्याआधी मी सवयीने कडेला नख लावून पाहिलं आणि थांबले. इथे निळी झाक नव्हती. कडेला बारीक पारदर्शक थेंब सुकला होता, नखाला गुळगुळीत लागला. हुंगून पाहिलं, वास काहीच नाही. ही अण्णांची खळ नव्हती. हा मुलं शाळेच्या प्रोजेक्टला वापरतात तो बाटलीतला पांढरा गोंद होता, आणि त्या थेंबात एक चंदेरी कण अडकला होता.

भाचीने वाकून पाहिलं.

"ही माझी चमकी आहे," ती म्हणाली. "तिसरीतली. सूर्यमालेचं प्रोजेक्ट होतं. आई, आठवतं, सगळ्या घरभर झाली होती?"

वहिनीला आठवत होतं. महिनाभर भातात निघायची.

म्हणजे भाची तिसरीत असताना दादाने हे पान सोडवलं होतं. महाप्याच्या ऑफिसातून घरी येऊन, याच टेबलावर, मुलीच्या गोंदाच्या बाटलीशेजारी बसून, खरा शेवट वाचला होता आणि तो पुन्हा चिकटवून टाकला होता. त्याच वर्षी तिला नवरीच्या बापाची गोष्ट सांगितली होती.

भाचीचा चेहरा उजळला. म्हणजे तिचाच खरा, वाचून सांगितलेला. मग तिचा तिलाच प्रश्न पडला. तोच खरा होता तर सोडवलेलं पान तिला दाखवलं का नाही? बंद कशाला केलं? मी म्हटलं, कदाचित माझा खरा असेल, आणि तिसरीतल्या मुलीला आत्याची गोष्ट कशाला, म्हणून तिच्यासाठी नवा केला असेल. ती म्हणाली, किंवा तिथेही दंतमंजन असेल.

असा गोंद गरम वाफेने सुटतो, पण कागदाचं काही सांगता येत नाही. मी तिला तसं सांगितलं. सुटलं तर एकीचा शेवट खोटा ठरेल, फाटलं तर कुणालाच काही कळणार नाही. सुरी टेबलावर होती. तिने ती उचलली आणि माझ्याकडे धरली. मी घेतली नाही. मी म्हटलं, खंड तुझा आहे, तू ठरव.

तेव्हा वहिनी यादीवरून डोकं न उचलता म्हणाली, "मला तर त्यांनी सांगितलं होतं, टाकी रिकामी होती."

आम्ही दोघी तिच्याकडे वळलो.

ती सांगायला लागली. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा पाण्याची फार ओढाताण होती, पहाटे बादल्या घेऊन उभं राहायचं. त्या दिवसांत एकदा त्याने तिला हा खंड वाचून दाखवला. नवीन नवरी, भांडी पालथी पडलेली. शेवटाला आला आणि म्हणाला, टाकी पंगतीवर पडते, सगळे डोळे मिटतात, आणि ठण्ण असा नुसता आवाज होतो, कारण त्या दिवशी पाणीच आलेलं नसतं. सावकार स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतो. मी इतकी हसले होते, वहिनी म्हणाली, की सासूबाई आतून बघायला आल्या.

आणि हे सांगताना ती पुन्हा हसायला लागली. आधी थोडं, मग यादी तोंडावर धरून. दहा महिन्यांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. तिच्या मुलीनेही नव्हतं. भाचीने सुरी खाली ठेवली आणि आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवून तीही हसत राहिली.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "राहू दे आत्या. बाबांनी बंद केलंय ना, बंदच राहू दे."

मी सुरी पुसून पिशवीत ठेवली. मला सुटका झाल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. पान उघडलं असतं तर तिघींपैकी दोघींची गोष्ट गेली असती, कदाचित तिघींचीही. आता तिन्ही होत्या, आणि दादाने मुद्दाम गोंदाची बाटली घेऊन बसून त्या तशा ठेवल्या होत्या.

उरलेलं काम एवढंच होतं की सोडवलेली तीन पानं परत चिकटवायची. वहिनीच्या स्वयंपाकघरात मैद्याची खळ केली. मोरचूद विषारी, ते तिने ओट्याजवळ येऊ दिलं नसतं, म्हणून चिमूटभर तुरटी घातली. भाची ढवळत होती, गुठळ्या झाल्या, मी ओरडले, तिने पुन्हा केली. पाटा आता कुणाच्या घरात नसतो. तिन्ही खंडांवर आम्ही पत्रिकांचे गठ्ठे ठेवले.

लग्नाच्या दिवशी हॉलवर कन्यादान वहिनीच करणार होती. एका वयस्क मामांनी थोडी कुरकुर केली, गुरुजींनी नाही केली. वहिनी सकाळपासून उपाशी होती. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मीही काही खाल्लं नाही. नाश्त्याच्या वेळी वाढपी तीनदा आला. चौथ्यांदा वराकडच्या एक बाई स्वतः उपम्याची बशी घेऊन आल्या, दोन घास तरी घ्या म्हणाल्या, माझ्या नावाचा एक तरी. मी नको म्हटलं. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं, पण कारण सांगण्यासारखं नव्हतं.

मुहूर्ताला अंतरपाट धरला तेव्हा भाचीने पाटावर उभं राहून मला शोधलं. मान न हलवता तिने डोळे फक्त वर, हॉलच्या छताकडे नेले, आणि मग माझ्याकडे बघितलं. शेजारी उभ्या असलेल्या वहिनीनेही तसंच वर पाहिलं. मी मान डोलावली, की आम्ही दोघी तयार आहोत.

सकाळी घाईत माझा चहा मात्र दोनदा झाला होता, दोन्ही वेळा साखरेचा. तो मोजायचा की नाही, हे दादाला विचारायला हवं होतं.